कंदवाल्यांची बाग

मावळात पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकवणारी मंडळी हॉलंडला गेली, की आल्समीरचा फुलांचा लिलाव बघतात, ठिबकची आणि खतांची यंत्रं बघतात, माहितीपत्रकं गोळा करून परत येतात. आम्ही तिघांनी एप्रिलात आधी गाठलं ते लिसे गावातलं क्यूकेनहॉफ. मी गुलाबवाला, माझा मित्र नर्सरीवाला आणि तिसरे आमचे अडते, ज्यांच्या मार्केटयार्डातल्या गाळ्यावर माझा माल उतरतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावरूनच तिथली बस मिळते.

आत शिरल्या शिरल्या लाल-पिवळ्या ट्यूलिपचा भला मोठा वाफा बघून अडत्यांनी विचारलं, "अरे, एवढा माल जातो कुठं?"

कुठंच जात नाही. बत्तीस हेक्टरच्या, म्हणजे ऐंशी एकरांच्या आसपासच्या या बागेत दर वर्षी सुमारे ७० लाख कंद लावले जातात. चाळीसेक माळी हिवाळ्याआधी, गोठण सुरू व्हायच्या आत, ते हातानं लावतात. मार्चच्या उत्तरार्धात दारं उघडतात आणि आठेक आठवड्यांनी बंद होतात. हंगाम संपला की सगळे कंद उपटायचे. पुढच्या वर्षी नवा आराखडा, नवे कंद.

आणि हे कंद बागेला फुकट मिळतात. सुमारे शंभर उत्पादक आपला उत्तम माल इथं देतात. १९४९ साली लिसेचे महापौर आणि कंदांचे बडे उत्पादक-निर्यातदार यांनी मिळून ही कल्पना काढली आणि १९५० च्या वसंतात बाग लोकांसाठी खुली झाली. हेतू सरळ होता: गिऱ्हाइकानं माल जमिनीत फुललेला बघावा आणि मग नोंदणी करावी. म्हणूनच वाफ्यापाशी पाटी असते. तिच्यावर जातीचं नाव असतं आणि उत्पादकाचंही. लोक फुलांचे फोटो काढत होते, आमचे अडते पाट्यांचे.

जागा मात्र या मंडळींच्या आधीची. झोखर नावाच्या बापलेकांनी १८५७ मध्ये इथल्या वाड्याभोवती इंग्रजी धाटणीचं उद्यान आखलं होतं. तळी, वळणाच्या वाटा आणि जुनी उंच झाडं ही त्यांची देणगी. ती झाडं नसती तर ते रंग डोळ्यांना सहन झाले नसते, असं माझं मत. नुसते पट्टेच्या पट्टे बघून माणूस अर्ध्या तासात कंटाळतो.

नर्सरीवाला मित्र एका वाफ्याजवळ उकिडवा बसला तो उठेचना. क्रोकस सुकून गेलेले, त्यांच्यामधून डॅफोडिल वर आलेले आणि त्यांच्याही खालून ट्यूलिपच्या कळ्या डोकं काढत होत्या. एकाच वाफ्यात कंद थरांनी लावायची ही युक्ती. उशिरा फुलणारे सगळ्यांत खोल, लवकरचे वर. पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्यालाही फूल दिसलं पाहिजे आणि शेवटच्यालाही. यासाठी प्रत्येक जातीचा फुलायचा काळ तोंडपाठ लागतो. दोन महिने बहर 'चालू' ठेवणं काय असतं, हे व्हॅलेंटाइनसाठी छाटणीची तारीख मोजणाऱ्या आम्हाला सांगायला नको.

खरा धक्का बागेबाहेर बसला. शेजारच्या शेतांत ऐन फुलोऱ्यातल्या ट्यूलिपची मुंडकी यंत्रानं उडवत होते. पाकळ्यांचा सडा पडलेला. अडत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण इथं पीक फुलाचं नाही, कंदाचं आहे. आधी फुलू देतात, म्हणजे भेसळीची किंवा रोगट झाडं ओळखून उपटता येतात. मग फूल कापतात, म्हणजे ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरते. आपला निशिगंधवाला कंद राखून फूल विकतो, हे नेमकं उलटं. जून-जुलैत कंद काढतात. समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागची ही जमीन रेताड आहे. पाणी साचत नाही, कंद कुजत नाही आणि निघतो तोही स्वच्छ.

रोगट झाड उपटण्याला इथं एक इतिहासही आहे. सतराव्या शतकात ज्या पट्टेदार ट्यूलिपांसाठी लोक वेडे झाले, ते पट्टे विषाणूचे होते आणि विषाणू पसरवत होता मावा. तेव्हा जमिनीतल्या कंदांचे नुसते कागद विकले जात. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेममध्ये बोली लावायला कुणी उभं राहिना आणि भाव कोसळले. "उधारीचा धंदा," अडते म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मावळात ट्यूलिप होईल का, यावर चर्चा. कंदाला तीन-चार महिने कडक थंडी लागते. ती शीतगृहात देऊन कुंडीत एकदा फूल आणता येईल, पण पुढच्या वर्षासाठी कंद पोसला जाणार नाही. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेलाही कंद हॉलंडहून आणावे लागतात. ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथं जावं. दल सरोवराच्या वरच्या अंगाला झबरवानच्या उतारावरची ती बाग काही कमी नाही.

मग मित्रानं दुसरा मुद्दा काढला. ट्यूलिप राहू दे. आपल्याकडचे शंभर गुलाबवाले एका जागी, फुकट माल देऊन, नावाची पाटी लावून असं काही करतील का?

"करतील की," अडते म्हणाले. "पहिला वाफा कुणाचा, तेवढं आधी ठरवा."