कळफलक आणि बोटांची जाणीव

प्रास्ताविक

लेखणी बदलली की अक्षर बदलते, हा अनुभव प्रत्येक लिहिणाऱ्याला असतो. टंकलेखनाचेही तसेच आहे. दोन कळफलकांवर अक्षरे त्याच जागी असली, तरी एकावर बोटे सहज धावतात आणि दुसऱ्यावर अडखळतात. असे का होते, हे प्रस्तुत पाठात स्पष्ट केले आहे.

मूळ पाठ

समजा, जबलपूरच्या महाराजपूर भागातील एका विद्यार्थिनीने घरच्या लॅपटॉपवर टंकलेखनाचा सराव केला. मध्य प्रदेशात अनेक शासकीय पदांसाठी संगणक प्रवीणता परीक्षेत हिंदी व इंग्रजी टंकलेखन करून दाखवावे लागते. परीक्षा केंद्रावर मात्र तिच्यासमोर उंच आणि जड कळांचा कळफलक आला. सरावाने वेग साधलेला असूनही पहिल्या काही ओळींत अक्षरे गळू लागली. येथे दोष तिच्या अभ्यासाचा नाही. बोटांना एका प्रकारच्या दाबाची सवय झाली होती आणि यंत्र दुसऱ्या प्रकारचा दाब मागत होते. नोकरीची संधी अशा लहानशा फरकावर अवलंबून असू शकते. म्हणून हा फरक समजून घेणे उपयोगाचे ठरते.

टंकलेखन यंत्राची शिकवण

संगणक येण्यापूर्वी कचेऱ्या व न्यायालये यांचे कामकाज टंकलेखन यंत्रावर चाले. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र मुंबईत तयार केले आणि २००९ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबवले. या यंत्रात कळ दाबली की तरफेच्या साहाय्याने अक्षराचा खिळा उचलला जाई आणि शाईच्या फितीवर आपटून कागदावर ठसा उमटवी. म्हणजेच अक्षर उमटवण्याची शक्ती बोटांतूनच येत असे. करंगळी दुबळी पडली तर अक्षर फिके उमटे. जोर अधिक झाला तर पूर्णविरामाने कागदाला भोक पडे. कार्बन लावून तीन-चार प्रती काढावयाच्या असतील, तर प्रहार अधिकच जोराचा करावा लागे. सर्व बोटांनी सारखा दाब देणे हीच त्या काळच्या शिक्षणाची पहिली पायरी होती.

संगणकाच्या कळफलकावर ही गरज उरली नाही. तेथे कळ फक्त विजेचा संकेत पाठवते. दाब हलका असो वा जड, अक्षर सारखेच उमटते. तरीही जुन्या यंत्रावर घडलेले हात संगणकावरही कळा आपटत राहतात आणि लवकर थकतात.

कळेच्या आत काय असते?

आज सर्वांत अधिक आढळतो तो रबरी घुमटांचा कळफलक. त्यात प्रत्येक कळेखाली रबराचा लहान घुमट असतो व त्याखाली प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांवर वीजवाहक रेषा असतात. कळ दाबताना आरंभी घुमट विरोध करतो, मग एकाएकी खचतो आणि पडद्यांवरील रेषा एकमेकींना टेकतात. हा संपर्क कळ जवळजवळ तळाला पोहोचल्यावरच होतो. म्हणून येथे कळ पूर्ण दाबावी लागते. तिचा स्पर्श मऊ असतो. मात्र वापराने रबर थकते आणि काही कळा ढिल्या, तर काही घट्ट होतात.

लॅपटॉपमध्येही बहुधा असाच घुमट असतो. पण कळेला आधार देणारी कात्रीसारखी रचना त्यात असते. कळ केवळ एक ते दोन मिलिमीटर खाली जाते. बोटांना अंतर कमी कापावे लागते. परंतु कळ फार कमी हलत असल्याने ती नीट दाबली गेली की नाही, याची खूण पुसट असते.

तिसरा प्रकार यांत्रिक कळांचा. यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि धातूची स्प्रिंग असते. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेले असे स्विच त्यांच्या रंगांवरून ओळखले जातात. यांतील सर्वसाधारण कळ सुमारे चार मिलिमीटर खाली जाते. पण अक्षर सुमारे दोन मिलिमीटरवरच उमटते. तळ गाठण्याची गरज नसते.

लाल स्विचची कळ वरपासून खालपर्यंत एकसारखी घसरते. तिला सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. ती हलकी आहे. मात्र बोट नुसते टेकले तरी नको ते अक्षर उमटण्याचा संभव असतो. तपकिरी स्विचमध्ये मध्यावर एक बारीक उंचवटा बोटाला जाणवतो. 'अक्षर उमटले' ही खूण मिळताच बोट उचलता येते. निळ्या स्विचमध्ये उंचवट्यासोबत स्पष्ट 'टिक' असा आवाजही होतो. जुन्या यंत्राची सवय असलेल्यांना तो आवडतो. परंतु एकाच खोलीत अनेकजण काम करीत असतील, तर शेजाऱ्याला त्याचा त्रास होतो.

यांपैकी कोणताही प्रकार सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. ज्याला आपटण्याची सवय आहे, त्याला उंचवट्याची कळ सावध करते. ज्याचा हात मुळातच हलका आहे, त्याला सरळ घसरणारी कळ सोयीची वाटते.

देवनागरी आणि बोटे

मराठी टंकलेखनात जागेचा प्रश्नही स्पर्शाइतकाच महत्त्वाचा आहे. जुन्या रेमिंग्टन पद्धतीत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकित करावा लागतो, कारण कागदावर तो आधी दिसतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीत मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. हिंदी व मराठी दोहोंसाठी अक्षरांच्या जागा त्याच राहतात. 'ल' च्या कळेवरच शिफ्ट धरून 'ळ' मिळतो. हिंदी परीक्षेची तयारी करणाऱ्या जबलपूरच्या मराठी भाषकाला म्हणूनच वेगळी पद्धत शिकावी लागत नाही.

दोन्ही तर्जनींच्या मूळ कळांवर लहान उंचवटे असतात. इन्स्क्रिप्टमध्ये डावी तर्जनी ऱ्हस्व इकारावर आणि उजवी 'र' वर विसावते. डोळ्यांनी न पाहता हात जागेवर आणण्यासाठी ही खूण आहे.

सराव कसा करावा?

एकाच कळफलकावर सराव केल्यास बोटे त्याच्या अधीन होतात. परीक्षेपूर्वी दोन-तीन प्रकारच्या कळफलकांवर थोडा थोडा सराव करावा. नवा कळफलक समोर येताच आरंभी वेग कमी ठेवून कळ किती खोल जाते, हे बोटांना कळू द्यावे. मनगटे कडेवर टेकवून दाबू नयेत. बोटे दुखू लागल्यास थांबावे. वेदना सोसून वेग वाढत नाही. कळफलक निवडणे नेहमीच आपल्या हाती नसते, पण त्याच्याशी जुळवून घेणे हे शिकता येणारे कौशल्य आहे.

शब्दार्थ

कळफलक – कळांची पाटी. तरफ – वजन उचलण्याचा दांडा. प्रहार – आघात. पुसट – अस्पष्ट. तर्जनी – अंगठ्याशेजारचे बोट.

स्वाध्याय

१. टंकलेखन यंत्रावर सर्व बोटांनी सारखा दाब देणे का आवश्यक होते?
२. रबरी घुमटाची कळ व यांत्रिक कळ यांतील फरक स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील कोणतेही दोन कळफलक वापरून पाहा व त्यांच्या स्पर्शातील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.