एक मैदान, नऊ राष्ट्रगीते

मावळ हा भाताचा मुलूख. इंद्रायणी तांदळाने त्याचे नाव घरोघर नेले. या मुलुखातील गहुंजे गावाला मात्र अलीकडे वेगळ्याच कारणाने लोक ओळखतात. पिंपरी-चिंचवडच्या वेशीला लागून, मुंबईच्या द्रुतगती मार्गाशेजारी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मोठे मैदान उभे आहे. १ एप्रिल २०१२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३७ हजार माणसे बसतील एवढे ते मोठे आहे. म्हणजे आपल्याकडची दहा-बारा बरी गावे एका वेळी त्यात मावतील!

२०२३ सालच्या विश्वचषकाचे पाच सामने या मैदानावर झाले. १९ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर, म्हणजे अवघ्या चोवीस दिवसांत, भारत, बांगलादेश, अफगाणिस्तान, श्रीलंका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया असे नऊ देशांचे संघ येथे उतरले. स्पर्धेत एकूण देश दहा. त्यांतला एक पाकिस्तान तेवढा गहुंज्याला आला नाही. प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघ ओळीने उभे राहत आणि दोन्ही देशांची राष्ट्रगीते होत. मावळच्या मातीत चोवीस दिवसांत नऊ देशांची गीते घुमली.

खेळापूर्वी राष्ट्रगीत कशासाठी, असे घरातली मुले कधी कधी विचारतात. प्रश्न साधा आहे, पण उत्तरात बराच इतिहास दडला आहे.

कवी एक, देश दोन

त्यातला पहिला सामना भारत आणि बांगलादेश यांचा. त्या दिवशी एक मोठी गंमत घडली, ती पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. दोन्ही संघ समोरासमोर लढणारे, पण दोघांची गीते एकाच कवीची. रवींद्रनाथ ठाकूरांची!

आपले ‘जनगणमन’ २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायले गेले. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. बांगलादेशाचे ‘आमार शोनार बांग्ला’ त्याहून जुने. १९०५ साली इंग्रजांनी बंगालची फाळणी केली, तेव्हाच्या कळवळ्यातून ते जन्मले. १९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला आणि त्या गीताच्या पहिल्या दहा ओळी त्याचे राष्ट्रगीत झाल्या. १९४१ साली निवर्तलेल्या कवीला यातले एकही राष्ट्र पाहायला मिळाले नाही. गहुंज्याला मात्र त्याची दोन्ही गीते काही मिनिटांच्या अंतराने वाजली. मग भारताने सात गडी राखून सामना जिंकला आणि विराट कोहलीने शतक काढले, हे सर्वांच्या लक्षात राहिले.

याच मैदानावर आलेल्या श्रीलंकेच्या गीताचेही नाते रवींद्रनाथांशी आहे. त्याचे रचनाकार आनंद समरकोन हे शांतिनिकेतनात शिकलेले होते.

पाहुण्यांच्या गीतांत काय असते?

परक्या देशाचे गीत सुरू झाले, की आपल्याला शब्द कळत नाहीत. पण त्यामागची कहाणी ठाऊक असली, तर ऐकणे वेगळे होते.

दक्षिण आफ्रिकेचेच पाहा. तेथे कित्येक वर्षे गोऱ्यांचे राज्य होते आणि काळ्यांना माणूस म्हणून किंमत नव्हती. राज्यकर्त्यांचे गीत एक, तर लढणाऱ्या काळ्या जनतेचे गीत दुसरे. नेल्सन मंडेलांच्या काळात, १९९७ साली, दोन्हींचे भाग जोडून एक राष्ट्रगीत करण्यात आले. त्यात पाच भाषा आहेत. भांडलेल्या भावांनी वाटणी न करता मधली भिंत पाडावी, तसे हे झाले.

ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२१ पासून आपल्या गीतातला एकच शब्द बदलला. जुन्या शब्दात देशाला ‘तरुण’ म्हटले होते. पण तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून त्या भूमीवर नांदत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने तो देश तरुण कसा? म्हणून ‘एक’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला.

आणि अफगाणिस्तान! ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील राजवट उलथली. नव्या राज्यकर्त्यांना गाणे-बजावणेच वर्ज्य. पण त्यांचा क्रिकेट संघ विश्वचषकात जुन्याच काळ्या-तांबड्या-हिरव्या झेंड्याखाली आणि जुन्याच गीताला उभा राहिला. ज्या गीताला मायदेशी जागा उरली नाही, त्याला ३० ऑक्टोबर २०२३ रोजी गहुंज्याच्या मैदानावर जागा मिळाली. परक्याचे गीत चालू असताना आपण स्तब्ध का उभे राहावे, याचे याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

ही रीत आली कोठून?

सामन्यापूर्वी राष्ट्रगीत ही रीत फार जुनी नाही. तिची सुरुवात बहुतेक जण १६ डिसेंबर १९०५ या दिवसाकडे नेतात. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, कार्डिफ येथे, न्यूझीलंडचा रग्बी संघ आला होता. त्यांनी खेळापूर्वी आपले माओरी युद्धनृत्य केले. पाय आपटत, आरोळ्या देत! त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपल्या भूमीचे गीत म्हणायला सुरुवात केली आणि पाहता पाहता सारे मैदान गाऊ लागले. सामना वेल्सने जिंकला.

अमेरिकेत ही रीत युद्धाने रुजवली. ५ सप्टेंबर १९१८ रोजी शिकागोत बेसबॉलचा मोठा सामना होता. पहिले महायुद्ध चालू होते, घरोघरचे मुलगे आघाडीवर होते. डावाच्या मध्यंतरात बँडने देशगीत वाजवले आणि प्रेक्षक उठून गाऊ लागले. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हते. तो मान त्याला १९३१ साली मिळाला. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक सामन्याआधी गीत असा परिपाठ पडला. ऑलिंपिकमध्ये १९३२ साली लॉस एंजेलिस येथे विजेत्यांसाठी उंच-सखल मंच आला आणि त्यावर उभ्या असलेल्या विजेत्याच्या देशाचे गीत वाजू लागले.

आपल्याकडे आता क्रिकेटपुरतीच ही रीत राहिलेली नाही. प्रो कबड्डीच्या सामन्यांच्या आरंभीही राष्ट्रगीत होते. मातीतल्या खेळालाही तो मान मिळाला, ही समाधानाची गोष्ट.

पिंपरीचे मैदान आणि बर्लिनचा झेंडा

पिंपरीच्या नेहरूनगरात महापालिकेचे हॉकीचे मैदान आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथे पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा भरली होती. राज्याराज्यांचे संघ एकमेकांविरुद्ध लढले, पण राष्ट्रगीत मात्र सर्वांचे एकच. गहुंज्याच्या आणि नेहरूनगरच्या सामन्यांत हा फरक आहे.

त्या मैदानाला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. १५ ऑगस्ट १९३६. बर्लिन ऑलिंपिकचा हॉकीचा अंतिम सामना. आपला देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. स्वतःचे म्हणावे असे राष्ट्रगीत नाही, मैदानावर फडकेल असा स्वतःचा झेंडा नाही. आधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला हरवले होते, त्यामुळे मंडळी धास्तावलेली. अशा वेळी संघाबरोबर गेलेले पंकज गुप्ता यांनी खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मैदानाची वाट धरली. त्या दिवशी जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. पुढे अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

आज जे बावन्न सेकंदांचे गीत आपल्याला सहज मिळते, ते त्या अकरा माणसांना मिळाले नव्हते.

खाशाबांनी ऐकलेले गीत

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. १९५२ साली, हेलसिंकीला, कुस्तीत. पदक कांस्य होते. आता नियम असा, की गीत वाजते ते फक्त सुवर्णपदक मिळवणाऱ्याच्या देशाचे. त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांनी जिंकले होते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पोराच्या वाट्याला विजयाच्या क्षणी जपानचे गीत आले.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याचेही तेच. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने नेमबाजीत कांस्य मिळवले. त्या दिवशी मान चीनच्या गीताचा होता. एकट्याच्या बळावर भारताचे गीत ऑलिंपिकमध्ये वाजवण्याचा मान आजवर दोघांनाच मिळाला आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा आणि २०२१ साली टोकियोला नीरज चोप्रा. त्यातला नीरज हरियाणातल्या शेतकरी घरातला, हे आपल्या वाचकांना सांगायला आनंद वाटतो.

थेरगावचे पेटकर

पिंपरी-चिंचवडच्या थेरगावात राहणारे मुरलीकांत पेटकर हे मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. माणूस खचला असता. पेटकर पाण्यात उतरले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम करून जिंकली. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली! गीत वाजले, की आपण सारे चटकन उठून उभे राहतो. पण ज्यांच्या घामावर ते गीत वाजायची वेळ येते, त्यांच्यासाठी उभे राहायला आपल्याला अर्धशतक लागते. पेटकरांच्या आयुष्यातून एवढे तरी आपण शिकायला हवे. आपल्याही गावात एखादा जुना पैलवान, एखादी राज्यपातळीवर खेळलेली बाई असेलच. पुढच्या सामन्याला त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

गावच्या सामन्यांसाठी

जत्रा, प्रजासत्ताक दिन, शाळेचे सामने अशा निमित्ताने आता खेडोपाडीही खेळाच्या आधी किंवा शेवटी राष्ट्रगीत होते. हौस चांगली, पण पुष्कळदा गोंधळ उडतो. कर्णा खरखरतो, कोणी पाहुण्याला हार घालत असतो, मागे चहावाला फिरत असतो. थोडी काळजी घेतली तर हे टळते.

पूर्ण गीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. म्हणणाऱ्या मुलामुलींकडून दोन दिवस आधी तालीम करून घ्यावी. ध्वनिमुद्रित गीत लावायचे असेल, तर आधी एकदा लावून पाहावे. सुरू करण्यापूर्वी “सर्वांनी सावधान उभे राहावे” अशी सूचना द्यावी आणि गर्दी शांत होईपर्यंत थांबावे. गीत चालू असताना सत्कार, फोटो, ये-जा बंद. मध्येच टाळ्या किंवा शिट्ट्या नकोत. आजारी आणि वृद्धांना उभे राहण्यासाठी कोणी ओढू नये.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज. तेही जरूर म्हणावे, पण राष्ट्रगीताची जागा त्याला देऊ नये.

कायद्याविषयी थोडेसे. १९७१ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रगीत मुद्दाम बंद पाडणे किंवा ते म्हणणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र एखादा आदराने उभा आहे पण तोंडाने म्हणत नाही, तर तो अपमान ठरत नाही. केरळातील तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तेव्हा शेजाऱ्याचे ओठ हलतात की नाही, हे पाहत बसू नये. मोबाईलवर फिरणारी आणखी एक अफवाही सोडून द्यावी. ‘जनगणमन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, असे काही घडलेले नाही. तशी शिफारस आपल्या गीताला लागतही नाही.

एक सूचना करून हा लेख संपवितो. सामना संपल्यावर राष्ट्रगीत होणार असेल, तर जिंकलेला आणि हरलेला असे दोन्ही संघ वेगवेगळ्या रांगांत उभे करू नका. एकाच रांगेत, एकाआड एक उभे करा. नुकतीच ज्याची पकड केली, ज्याच्याशी हमरीतुमरी झाली, त्याच्याच खांद्याला खांदा लावून पोरे बावन्न सेकंद उभी राहिली, की निम्मी भांडणे मैदानातच मिटतात. उरलेली निम्मी घरी जाताना बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरवर मिटतील!