ओढणीआडचा खेळ

मुलांनो, घरात तान्हे बाळ असले, की शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन तुम्ही आधी त्याच्याकडेच जाता. तुम्हाला वाटते, आपण त्याचे मन रमवतो. खरे तर त्या वेळी बाळ शिकत असते.

पहिले काही आठवडे बाळाला लांबचे स्पष्ट दिसत नाही. म्हणून चेहरा जवळ नेऊन त्याच्याशी बोलावे. त्याने हुंकार दिला, की आपण गप्प राहावे आणि मग उत्तर द्यावे. हेच त्याचे पहिले संभाषण!

उर्दूतल्या झुनझुन्याला मराठीत खुळखुळा म्हणतात. चार-पाच महिन्यांचे बाळ तो हातात धरते आणि थेट तोंडात घालते. त्याला रागावू नये. वस्तू कशी आहे, हे ते तोंडानेच तपासते. मात्र मणी, बटण, नाणे, शेंगदाणा त्याच्या हाती लागू देऊ नये. घशात अडकले, तर जिवावर बेतते.

आणि मोबाइल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये.

त्यापेक्षा आपाची ओढणी बरी! ओढणीआड तोंड लपवायचे आणि 'बुवा कुक' म्हणत बाहेर काढायचे. बाळ खदखदून हसते. का बरे? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी आपल्या तीन मुलांचे खेळ बारकाईने पाहिले. खेळणे कापडाखाली झाकले, तर लहान बाळ ते शोधत नसे. आठ-नऊ महिन्यांचे झाल्यावर मात्र ते कापड ओढून खेळणे बाहेर काढी. वस्तू दिसली नाही, तरी ती असते, हे त्याला उमगलेले असे. ही जाण त्याआधीच येऊ लागते, असे नंतरच्या काही संशोधकांचे मत आहे.

याच सुमारास अम्मी नुसती स्वयंपाकघरात गेली, तरी बाळ रडू लागते. 'लाडावले आहे,' असे घरचे म्हणतात. पण अम्मी आहे आणि जवळ नाही, हे आता त्याला कळते, म्हणून ते रडते. अशा वेळी ओढणीचा खेळ फार उपयोगी पडतो. गेलेला चेहरा परत येतो, हे बाळ त्यातून पुन्हा पुन्हा अनुभवते.

पुढे ते चमचा खाली टाकू लागते. तुम्ही उचलून दिला, की पुन्हा टाकते. कंटाळा तुम्हाला येतो, त्याला नाही. एकदा चमच्याऐवजी रुमाल देऊन पाहा. तो पडतो, पण वाजत नाही. मग बाळाचा चेहरा पाहण्यासारखा होतो!