पंखावरची हवा संगणकात मांडताना
विमानाच्या पंखाचा उभा छेद घेऊन त्यावरून वाहणाऱ्या हवेचं गणित करायचं, तर तिच्यातला प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही. भोवऱ्यांचा सरासरी परिणाम सांगणारं प्रारूप निवडावं लागतं. १९९२चं स्पालार्ट-अल्मारस प्रारूप एकाच समीकरणाचं, खास विमानांसाठी घडवलेलं. एनएसीए ००१२सारख्या पंख-छेदावर, पंखाचा येणाऱ्या हवेशी कोन लहान असेल तर ते उत्तम चालतं. कोन वाढून प्रवाह पृष्ठभाग सोडू लागला की मी मेंटर यांचं १९९४चं के-ओमेगा एसएसटी प्रारूप घेईन. मात्र उचल ढासळल्यानंतर, म्हणजे स्टॉलमध्ये, या दोन्ही प्रारूपांच्या आकड्यांवर विसंबू नये.

प्रारूप निवडलं, तरी त्याची समीकरणं सोडवण्याच्या गणनपद्धतीकडे हमखास दुर्लक्ष होतं, याचं वाईट वाटतं. प्रथम क्रमाची अपविंड पद्धत (प्रवाह येतो त्या बाजूची मूल्यं घेणारी) गणित लवकर स्थिरावू देते, पण हवेत नसलेला चिकटपणा घुसवते आणि हवेचा विरोध फुगवून दाखवते. सुरुवात तिने करावी; अंतिम उत्तर द्वितीय क्रमानेच काढावं.