गाण्याच्या यंत्रातून चित्र कसे उमटले?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लोखंडी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली दोन-तीन चकचकीत तबकड्या जपून ठेवलेल्या असतात. एक कुणाच्या लग्नाची, एक मुलाच्या नामकरणाची, एक वडिलांच्या सेवानिवृत्ती समारंभाची. त्यांत दिसणारी काही माणसे आज आपल्यात नाहीत. तबकडी आहे, पण ती चालवणारे यंत्र घरात उरलेले नाही. मुलांना तर व्हीसीडी म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागते. एके काळी गाण्याच्या साध्या सीडी प्लेअरवरच ही चित्रे दाखवण्याची सोय आपले कारागीर करून देत असत. ती कशी होत असे आणि त्यातून आज आपण काय घ्यायचे, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वेग एकच, मजकूर वेगळा

गाण्याची सीडी बाजारात आली ती १९८२ साली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात कोरलेला असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप १६ बिटांचे असते. डावा आणि उजवा असे दोन कर्णे धरले, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. प्लेअरमधील लेसर हे बिट वाचतो आणि एक चिप त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते.

पुढे १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचे नियम ठरवले. खरी मेख येथेच आहे. चित्रासाठी नवी तबकडी आणि नवा वेग काढण्याऐवजी त्यांनी चित्रालाच सीडीच्या जुन्या वेगात बसवले. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची, सेकंदाला २५ चित्रे जशीच्या तशी साठवायची म्हटली तर सेकंदाला ३ कोटींहून अधिक बिट लागतात. एमपेग-१ या पद्धतीने ती दाबून सुमारे साडेअकरा लाखांवर आणली. म्हणजे जवळपास २६ पट लहान केली. आवाजही तसाच दाबून सोबत ठेवला. त्यामुळे एका तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावू लागले आणि हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांत येऊ लागला.

याचा अर्थ काय? गाण्याच्या प्लेअरची मोटर, लेसर आणि फिरण्याचा वेग व्हीसीडीलाही पुरेसा होता. आत चित्राचे आकडे वाचले जातच होते. त्या आकड्यांचे चित्र करणारा कुणी तिथे नव्हता, एवढेच.

कारागिराचे काम

हे उणे भरून काढणारे छोटे कार्ड १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळू लागले. सी-क्यूब, ईएसएस अशा कंपन्यांच्या चिपा त्यावर असत. प्लेअर उघडून कारागीर दोन चिपांमधली जागा शोधी. एक चिप तबकडीवरून आलेले आकडे नीट लावणारी आणि दुसरी त्यांचा आवाज करणारी. या दोघींच्या मधून तीन तारा जातात. पहिली आकड्यांची, दुसरी प्रत्येक बिटाचा ताल देणारी आणि तिसरी डावा-उजवा कर्णा ओळखण्याची. या तिन्ही तारांना आणि जमिनीच्या तारेला सोल्डर करून कार्ड जोडले जाई. कार्डाला वीज वेगळी द्यावी लागे. ५ व्होल्टसाठी बहुधा ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसवीत. कार्डाच्या दुसऱ्या बाजूने चित्राची एक आणि आवाजाच्या दोन पिना निघत, त्या टीव्हीला लावायच्या. टीव्ही जुना असेल आणि त्याला अशी जागा नसेल, तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर घालून अँटेनाच्या वाटेने चित्र आणीत.

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने हप्त्याने घेतलेली म्युझिक सिस्टिम आम्ही दोघे एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो होतो. दुकानदाराने तोंडावर सांगितले, "साहेब, हे गाण्याचे मशीन आहे. यात चित्र येणार नाही, नवीन घ्या." अजून जुने हप्ते फिटायचे होते, तिथे नवीन कुठून घेणार? मग वस्तीतल्याच एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या तरुणाकडे गेलो. त्याने झाकण उघडले, चिपांचे नंबर वाचले आणि म्हणाला, "होईल, काका. उद्या संध्याकाळी या." दुसऱ्या दिवशी त्या घरी टीव्हीसमोर अख्खी चाळ बसली होती. त्या तरुणाकडे पदवी नव्हती. पण डबा उघडून आत काय चालले आहे ते पाहायची त्याची तयारी होती.

सगळ्यांनाच जमत नसे

सर्वच प्लेअर या कामाचे नसत. काही यंत्रांत दोन्ही कामे एकाच चिपेत होत. तिथे तारा जोडायला जागाच मिळत नसे. काही यंत्रे तबकडीवर गाणी नाहीत हे ओळखून आवाज बंद करीत किंवा फिरणेच थांबवीत. धक्के सोसण्यासाठी स्मृती असलेल्या काही हातातल्या प्लेअरमध्ये आकडे आणखी दाबले जात; त्यांचे चित्र होणे शक्य नसे. म्हणून जाणता कारागीर आधी परीक्षा घेई. आवाज पूर्ण कमी करून व्हीसीडी घालायची आणि मिनिट-सेकंदांचे आकडे पुढे सरकतात का ते पाहायचे. आवाज कमी करायचा कारण असे की, चित्राचे आकडे थेट कर्ण्यावर गेले तर मोठी खरखर होते आणि कर्णा फाटू शकतो.

शिवाय चिप कोणत्या कंपनीची, तिचे आकडे कोणत्या क्रमाने येतात, हे पाहून कार्ड तसे लावावे लागे. क्रम चुकला की पडदा कोराच राही.

आता आपण काय करावे?

आज हे कार्ड शोधत बसण्याची गरज नाही. पुढे डीव्हीडी प्लेअर स्वस्त झाले आणि बहुतेक डीव्हीडी प्लेअर व्हीसीडीही चालवीत असल्याने ही सारी खटपट मागे पडली. आज काळजी आहे ती तबकड्यांची. लग्नाच्या व्हीसीडी बहुधा घरीच लिहिता येणाऱ्या सीडीवर काढलेल्या असत. त्यांतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. शिवाय चित्रासाठी चूक सुधारण्याची जास्तीची सोय व्हीसीडीत ठेवलेली नाही. त्यामुळे ओरखडा पडला की पडद्यावर चौकोन दिसू लागतात.

तेव्हा एवढे अवश्य करावे. तबकडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. वरच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये; चकचकीत थर त्याच बाजूला अगदी वर असतो. नंतर डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकात ती घालावी. आत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसेल. त्यातील 'डॅट' शेपटीच्या फाइल उतरवून घ्याव्यात. व्हीएलसी या मोफत प्रोग्रामवर त्या चालतात. एक प्रत घरी आणि दुसरी बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवावी. जुना प्लेअर घरी असेल तर त्याचे झाकण मुलांनी स्वतः उघडू नये. आत विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो, आणि लेसरचा किरण डोळ्यांना नीट दिसत नसला तरी डोळ्यांना अपाय करतो. जाणत्या माणसासमोर मात्र जरूर उघडून पाहावे.

विकत घेतलेली वस्तू आपली आहे, तर तिच्या आत काय चालते हे जाणण्याचा हक्कही आपला आहे. 'नवीनच घ्या' असे कुणी सांगितले, की 'का?' हा प्रश्न आधी विचारावा. आणि येत्या रविवारी त्या तबकड्या कपाटातून बाहेर काढाव्यात. नवी वस्तू पगार झाल्यावर घेता येते; त्या तबकडीवरचा आईचा आवाज मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही.