भंगारातून उठलेलं बंगळूर

बंगळूरचा विषय निघाला की मराठी माणूस शहाजीराजांच्या जहागिरीपाशी थांबतो, नाहीतर थेट संगणकाच्या कंपन्यांवर येतो. मला विचाराल तर आजच्या शहराची खरी पत्रिका मांडली गेली ती १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत.

महायुद्ध संपलं तेव्हा इथे दोन शहरं नांदत होती. चिकपेट, बळेपेटचं जुनं गाव म्हैसूर संस्थानाचं. कब्बन पार्कच्या पलीकडे इंग्रजांची छावणी, लोकांच्या तोंडी ‘दंडू’. तिथे कानावर पडायची तमिळ, उर्दू आणि इंग्रजी. छावणी संस्थानाला परत मिळाली २६ जुलै १९४७ला, स्वातंत्र्याच्या तीनच आठवडे आधी. १९४९ साली दोन्हींची मिळून एक महापालिका झाली. साउथ परेडला महात्मा गांधींचं नाव मिळालं होतं, अँग्लो-इंडियन कुटुंबं परदेशी निघाली होती; पण पेठेतला माणूस त्या रस्त्यावर जरा बुजूनच चालत असावा.

दोन शहरांचा सांधा जुळवला तो कारखान्यांनी. वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. युद्धाच्या धामधुमीत ती सरकारने घेतली, मग अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीचा तो मोठा तळ झाला. युद्ध संपलं, अमेरिकन गेले. हजारो हात शिकून तयार, आणि काम नाही! मग विमानांच्या कारखान्यात रेल्वेचे डबे बनू लागले, बसचे सांगाडेही. कमीपणा कसला त्यात? पोट भरलं आणि हातातली कलाही टिकली.

त्या कलेची परीक्षा झाली कानपुरात. तिथे लिबरेटर बॉम्बफेकी विमानं टाकून दिलेली होती. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून जाता जाता मुद्दाम मोडलेली. इथल्या माणसांनी ती तात्पुरती जोडली, उडवत बंगळूरला आणली आणि नव्याने उभी केली. चाळीसेक विमानं अशी सावरली. नोव्हेंबर १९४८मध्ये हवाई दलाची पहिली लिबरेटर तुकडी उभी राहिली आणि ही ‘भंगार’ विमानं थेट १९६८पर्यंत उडत राहिली.

दुसऱ्याचं जोडता येतं, मग आपलं का नको? कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१च्या ऑगस्टमध्ये आकाशात गेलं. अशी दीडशेहून अधिक विमानं पुढे तयार झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत घाटगे नाहीत, याची मला लाज वाटते.

१९४८ला टेलिफोनचा कारखाना आला, १९५३ला हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५४ला भारत इलेक्ट्रॉनिक्स. शेवटचे दोन जालहळ्ळीत, म्हणजे युद्धकाळात लष्कराचा तळ पडला होता त्याच माळावर. १९४१ला शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास होती, १९५१ला पावणेआठ लाखांवर गेली. नव्याने आलेल्यांना महिन्याचा बांधलेला पगार होता. भोंग्यावर उठायचं, पाळी संपली की घर. तमिळ फिटर, मल्याळी टर्नर आणि कन्नड कारकून एका बाकावर डबा खाऊ लागले की सोवळंओवळं किती दिवस टिकणार? समाजसुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा या कँटीनने जास्त काम केलं, असं मी म्हणेन.

खाण्याचं निघालंच आहे म्हणून: युद्धात ब्रह्मदेश पडला, तिथला तांदूळ मिळेना, तेव्हा मवळ्ळी टिफिन रूम्समध्ये रव्याची इडली जन्मली, असं तिथले लोक सांगतात. टंचाई सरली, पण इडली पानातून हलली नाही.

विचारांच्या बाजूला आपलाही धागा आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ साली सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि नाव दिलं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. पुढे १९५६ला भाषावार प्रांत झाले, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि दोन्हीकडची मनं आंबली. त्याच्या जेमतेम अकरा वर्षं आधी बंगळूरने एका मराठी माणसाचं नाव आपल्या दारावर लावलं होतं. ते अजून तिथेच आहे.

कधी गेलात तर लालबागेतून थोडा वेळ काढा आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या) संग्रहालयात डोकावा. घाटग्यांचं एचटी-२ तिथे उभं आहे.