निंबोल्याच्या चुलीवर केळफुलाचे थाई सूप

माझे माहेर कारवारचे, नोकरी बेळगावात आणि सासर थेट मध्य प्रदेशातल्या निंबोल्याचे. बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघाले की असीरगडाच्या अलीकडे हे गाव लागते. सभोवती केळीच्या बागा. घरात मराठी, बाजारात हिंदी. माहेरी रोजच्या वाटणाला ओला नारळ हवाच. सासरी मात्र तो देवापुढे फोडायचा, प्रसाद वाटायचा आणि विषय संपला. मसाल्यात पडते ते भाजलेले सुके खोबरे. “देवाचा नारळ कोणी कढईत घालते का?” असे सासूबाई लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या. वीस वर्षे मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत गेलो, तर सासूबाईंचे सगळे दात काढलेले. कवळी बसायला अवकाश होता. पातळ खिचडी आणि दूध यांना त्या इतक्या कंटाळल्या होत्या की वाटी समोर आली की मान फिरवत. चेहरा उतरला होता. शेवटी मुलगीच म्हणाली, “आई, बंगळूरला आपण नारळाचे थाई सूप खाल्ले होते ना, ते आजीला करू या.”

या सुपाचे नाव ‘तोम खा’. ‘तोम’ म्हणजे उकळणे आणि ‘खा’ म्हणजे आल्याच्या कुळातला एक सुगंधी कंद. आपल्याकडे त्याच्या जवळचे म्हणजे कुळिंजन. गवई मंडळी गळा साफ राहावा म्हणून ते तोंडात धरतात; काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले मिळते. गवती चहा, आपल्या कन्नडमधले ‘मज्जिगे हुल्लु’, परसदारी होताच. भाजी कोणती घालावी, हा प्रश्न बागेने सोडवला. घड पोसावा म्हणून केळफूल कापून टाकतात. निंबोल्यात ते बांधावर पडून सुकते. थायलंडमध्ये आणि आपल्या किनाऱ्यावर मात्र आवडीने खातात.

पहिले पातेले फुकट गेले. उकळत्या सुपातच मी लिंबू पिळले आणि दूध फाटले. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. जोराची उकळी आणि आंबटपणा एकत्र आले की प्रथिने गोठतात आणि तेल सुटते. सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागले. दुसरा नारळ फोडला.

चौघांसाठी कृती अशी. केळफुलाची वरची लाल पाने काढा. आतल्या फुलांतला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून फुले बारीक चिरा व ताकाच्या पाण्यात दोन तास ठेवा, म्हणजे ती काळी पडत नाहीत आणि तुरटपणा उतरतो. मग उकडून निथळा. एका नारळाचे पहिले दाट दूध एक वाटी आणि दुसरे पातळ दूध तीन वाट्या काढा. पातळ दुधात ठेचलेल्या गवती चहाच्या तीन काड्या, आल्याच्या चार चकत्या, कुळिंजनाचा लहानसा तुकडा, लिंबाची दोन कोवळी पाने आणि चिरलेली एक हिरवी मिरची घालून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा. गाळून त्यात केळफूल, मीठ आणि किंचित गूळ घाला. शेवटी दाट दूध घालून फक्त गरम करा, उकळू नका. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. थायलंडमध्ये खारटपणासाठी फिश सॉस घालतात. आम्ही मिठावर भागवले.

सासूबाईंनी आधी वास घेतला. एक घोट, मग दुसरा. “ही तर नारळाची कढीच की,” असे म्हणून वाटी संपवली. मग म्हणाल्या, “थोडी भाकरी कुस्करून दे यात.” कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही मागितले होते. देवाच्या नारळाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी गडी बागेत चालला होता. सासूबाईंनी ओट्यावरून त्याला हाक मारली, “केळफुलं बांधावर टाकू नकोस रे, घरी आण.”